टेबलावरची विजेरी

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत घरी काडतुसे भरणाऱ्या अमेरिकनांना सरसकट माथेफिरू म्हटलेले वाचून वाईट वाटले. मी ॲरिझोनात ११ वर्षे माझ्या आखूड रिव्हॉल्व्हरसाठी ‘.४४ स्पेशल’ काडतुसे स्वतः भरतो, म्हणजे रिकाम्या नळकांड्यात (पुंगळीत) बंदुकीची दारू घालून वर गोळी बसवतो. इथे ते कायदेशीर आहे. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसे बनवणे गुन्हा आहे, हे आधीच सांगतो.

हे काडतूस १९०७चे. पुंगळी ऐसपैस, त्यामुळे चटकन जळणारी दारू तळाशी जेमतेम दिसते. चुकून दोनदा पडली तरी सहज मावते, आणि मग रिव्हॉल्व्हर फुटून हात जायची भीती. म्हणून ५० पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून प्रत्येकीत विजेरीने डोकावतो, मगच गोळी बसवतो. सावकाश जळणारी दारू ३ इंची नळीत पुरती जळत नाही, तोंडाशी नुसता जाळ होतो. शिवाय हलक्या रिव्हॉल्व्हरचा धक्का असा, की पुंगळीचे तोंड नीट आवळले नसेल तर उरलेल्या काडतुसांतली गोळी पुढे सरकते नि काडतुसांची फिरती चक्री अडते. माझी एकदा अडली. त्या खेपेची सगळी काडतुसे मी घरी येऊन मोडली. तेव्हापासून भरताना फोन बंद, आणि मुलगाही खोलीचे दार वाजवत नाही.

– एक वाचक, टूसॉन