गुलमर्गला जाताना आधी बूट, मग स्की

महोदय,

डिसेंबर उजाडला की पुण्यातल्या ट्रेकिंगच्या ग्रुपांवर एक प्रश्न हमखास फिरू लागतो: ‘गुलमर्गला चाललोय, स्की कोणत्या घेऊ?’ त्यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘गुलमर्ग म्हणजे पावडर, ११० च्या घे.’ वर्षातून आठ-दहा दिवस बर्फावर जाणाऱ्यासाठी हा सल्ला चुकीचा आहे. त्यात पैसे जातात, आणि गुडघ्यांचे हाल होतात ते वेगळेच.

पावडर म्हणजे ताजा, भुसभुशीत बर्फ आणि ११० म्हणजे स्कीची पायाखालची रुंदी, मिलिमीटरमध्ये. स्कीवर १२८-९२-११४ असे तीन आकडे छापलेले असतात: टोक, कंबर, शेपूट. मधला आकडा आधी बघायचा. हा आकडा सत्तरीत असलेल्या स्की यंत्राने दाबलेल्या ग्रूम्ड उतारासाठी असतात. १०५ च्या पुढच्या स्की खोल भुसभुशीत बर्फासाठी. ८५ ते १०० हा मधला पट्टा ऑल-माउंटनचा, म्हणजे सगळ्या प्रकारच्या बर्फासाठीचा. कडक बर्फावर वळायचं तर स्की कलती करून तिच्या पोलादी एजवर, म्हणजे कडेवर, उभं राहावं लागतं. ९० च्या स्कीची एज पायाच्या मध्यापासून ४५ मिलिमीटरवर असते, ११० ची ५५ वर. बर्फ ती एज सतत आडवी पाडायला बघतो आणि तो जोर नडगी-गुडघ्यावर येतो. एज मध्यापासून जितकी दूर, तितका जोर जास्त. गुलमर्गचे खालचे उतार रात्री गोठतात आणि सकाळी घट्ट, करकरीत असतात. मध्यम स्कीअरचा बराचसा दिवस तिथेच जातो. दुपारी वर पावडरमध्ये दोन-तीन फेऱ्या मारायच्या म्हणून सकाळभर रुंद फळ्या ओढायच्या, हा हिशेब जमत नाही.

ज्याची दोन्ही स्की समांतर ठेवून वळणं स्थिर झाली आहेत, त्याने ८८ ते ९४ च्या दरम्यान राहावं. वजन ५५ किलोच्या आत असेल तर ८४-८८ पुरे, कारण बर्फावर तरंगणं हे रुंदीइतकंच वजनावर अवलंबून असतं. ज्यांची वळणं अजून नांगरासारखी, टोकं जुळवूनच होतात, त्यांनी स्की विकत घेऊच नयेत. भाड्याच्या वापराव्यात.

रुंदी ठरली की आकार. दुकानात हे स्वतः तपासता येतं. दोन्ही स्कीचे तळ एकमेकांना लावा आणि बाजूने उजेडाकडे बघा. पायाखालच्या भागात काही मिलिमीटरची फट दिसली तर तो कॅम्बर. उभं राहिल्यावर हीच कमान दबते आणि एज बर्फात रुतवते. आता बाइंडिंगपाशी, म्हणजे बूट अडकवतात त्या जागी, दोन्ही स्की मुठीत आवळून फट मिटवा आणि टोकाकडे बघा. टोकं बऱ्याच आधीपासून विलग होत असतील तर तो रॉकर. त्यामुळे टोक मऊ बर्फात बुडत नाही. आपल्याला पायाखाली कॅम्बर, टोकाला रॉकर आणि शेपटीला अगदी थोडा, अशी स्की हवी. शेपटीचा रॉकर फार असेल तर कडक उतारावर वळणाच्या शेवटी ती सुटते, आणि माणसाला वाटतं आपलंच तंत्र चुकलं.

रॉकरमुळे कडक बर्फाला टेकणारी एज आखूड होते. म्हणून अशी स्की ग्रूम्डच्या स्कीपेक्षा तीन-चार सेंटिमीटर लांब घ्यावी. मध्यम स्कीअरला नाक ते भुवयांपर्यंतची लांबी ठीक. वळणाची त्रिज्या शेपटीजवळ छापलेली असते. १५ ते १८ मीटर कडक आणि मऊ अशा दोन्ही बर्फांवर चालते. गाभा लाकडाचा असावा. वर-खाली टायटॅनलचे, म्हणजे ॲल्युमिनियम मिश्रधातूचे पत्रे असतील तर वेगात थरथर कमी होते, पण स्की जड आणि ताठ होते. मध्यम कौशल्याच्या, हलक्या माणसाला ती वाकवताच येत नाही, आणि न वाकणारी स्की वळत नाही. उलट फार हलकी कार्बनची स्की सकाळच्या कडक उतारावर खडखडते.

आता बुटांबद्दल. खरं तर पैसे आधी इथे घालावेत. स्की भाड्याची आणि बूट स्वतःचे असतील तर चालतं. उलटं चालत नाही, कारण पायाने दिलेली प्रत्येक सूचना बुटातूनच स्कीपर्यंत पोचते. बुटाचं माप मोंडोपॉइंटमध्ये असतं, म्हणजे पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये. भिंतीला टाच टेकवून, पूर्ण वजन देऊन मोजा. २६.५ भरलं तर माप २६.५. मग आतलं अस्तर काढून नुसत्या कवचात पाऊल घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागची जागा बघा. दीड ते दोन सेंटिमीटर असावी, म्हणजे साधारण दोन बोटं. तीन बोटं मावली तर बूट मोठा आहे, कितीही आरामशीर वाटला तरी. ट्रेकिंगच्या सवयीने आपण एक माप मोठं आणि दोन जोड मोजे घेतो. स्कीच्या बुटात ही चूक सगळ्यात महाग पडते. टाच उचलली जाते, ती धरून ठेवायला बकल करकचून आवळली जातात, रक्तपुरवठा कमी होतो आणि बोटं गार पडतात. एकच पातळ लोकरी मोजा घालायचा. पंजा रुंद असेल तर रुंद साच्याचा, १०२ मिलिमीटरचा बूट मागा, लांबी वाढवू नका.

बाइंडिंग घेताना बुटाचा तळ कोणत्या प्रकारचा आहे, साधा सपाट अल्पाइन की चालायला सोपा, किंचित वक्र ग्रिपवॉक, हे आधी बघा. बुटाचा तळ आणि बाइंडिंग जुळले नाहीत तर पडल्यावर पाय वेळेवर सुटत नाही. ब्रेकची रुंदी स्कीच्या कमरेइतकी किंवा फार तर १५ मिलिमीटर जास्त. स्कीमध्ये धातूचा पत्रा असेल तर बाइंडिंग बसवायची भोकं बहुधा ४.१ मिलिमीटरच्या ड्रिलने पाडावी लागतात, नसेल तर ३.५ किंवा ३.६ च्या, नेमकं माप बहुतेक स्कीवर छापलेलं असतं. हे काम फर्निचरवाल्याकडून करून घेऊ नये. बाइंडिंगमधून बूट सुटण्याचा आकडा, ज्याला सगळे डीआयएन म्हणतात, तो वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळाची लांबी या पाचांवरून तक्त्यात बघून ठरतो. मित्राचा आकडा आपल्याला लावायचा नाही. वय ५० किंवा जास्त असेल तर तक्त्यातला एक पायरी कमी आकडा घ्यायचा.

भाड्याची किंवा जुनी जोडी घेताना एजवर नख आडवं फिरवा. नखाचा बारीक कीस निघाला तर धार आहे, नख नुसतं घसरलं तर नाही. तळावर धातूची पट्टी आडवी धरून उजेडात बघा: मध्ये उजेड दिसला तर तळ खोलगट झालाय आणि स्की वळायला हट्ट करील. शेपटीपाशी थर सुटलेत का, बाइंडिंगखाली जुनी बुजवलेली भोकं आहेत का, हेही बघा. जमलं तर एकाच दिवसात ८४, ९२ आणि १०० अशा तीन रुंदीच्या जोड्या वापरून बघाव्यात, सकाळी कडक बर्फावर आणि दुपारी मऊ. बर्फ कमी असलेल्या दिवसांत, जसा २०२४ चा जानेवारी गेला, स्वतःची नवी जोडी बाहेर काढूच नये. पातळ थराखालचे दगड तळ फाडतात.

ऑफ-पिस्टबद्दल, म्हणजे आखलेल्या उतारांबाहेर जाण्याबद्दल, मात्र कळकळीने सांगायचं आहे. गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर सुमारे ३९५० मीटरवर सोडतो. गस्त आणि हिमस्खलन-नियंत्रण असलेला भाग तिथे मर्यादित आहे. त्या भागाच्या हद्दीची दोरी ओलांडली की पलीकडे मोकळा डोंगर. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये खिलनमर्ग भागात एक रशियन. स्की रुंद असली म्हणून हिमस्खलन टळत नाही. प्रत्येकाकडे तीन अँटेनांचा बीकन (गाडलेल्याला शोधायचं रेडिओ-यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी) आणि फावडं हवं, आणि ते वापरण्याचा सराव पुण्यातच, एखाद्या मैदानावर बीकन पुरून करून घ्यावा. गाडलेल्या माणसासाठी पहिली दहा-पंधरा मिनिटंच हातात असतात. बीकन चालू असताना मोबाइल त्याच्यापासून किमान २० सेंटिमीटर दूर ठेवा, शोध घेताना ५०. स्थानिक गाइडशिवाय आणि त्या दिवशीची हिमस्खलनाची सूचना वाचल्याशिवाय दोरीपलीकडे जाऊ नये. सह्याद्रीतला कितीही मोठा अनुभव इथे उपयोगी पडत नाही. बर्फाचे थर वेगळ्याच नियमांनी वागतात.

सामानाचं गणित सोपं आहे. बाइंडिंगसह जोडी साधारण सहा किलो, बूट चार, बॅग दोन-तीन. देशांतर्गत इकॉनॉमीच्या १५ किलोंत एवढंच मावतं. बूट हातातल्या बॅगेत घेतले तर थोडी मोकळीक मिळते, आणि सामान हरवलं तरी स्की भाड्याने मिळतात, पायाला बसलेले बूट मिळत नाहीत.

शेवटचं, आपल्या हवेबद्दल. ओल्या स्की नायलॉनच्या बॅगेत तशाच ठेवल्या तर पुण्याच्या पावसाळ्यात एजवर गंज चढतो आणि बाइंडिंगचे स्क्रूही गंजतात. घरी पोचल्याच्या दिवशी स्की पुसून बॅगेबाहेर वाळवा. गंजाचा हलका थर गम स्टोनने, म्हणजे घासायच्या खरखरीत रबराने, निघतो. धार लावायची तर बाजूच्या एजला ८८ अंशांची पट्टी आणि बारीक फाइल वापरा. फाइल एकाच दिशेने, टोकाकडून शेपटीकडे ओढा. मग मेण. त्यासाठी वेगळी जुनी इस्त्री ठेवा, वाफेची भोकं नसलेली. सुमारे १२० अंशांवर मेण वितळलं पाहिजे. धूर आला की इस्त्री फार तापली, तळ जळतो. इस्त्री एका जागी थांबू देऊ नका. स्कीची वरची बाजू हाताला जेमतेम कोमट लागली की पुढे सरका. मे अखेरीस मेणाचा जाड थर द्या, एजवरही येऊ द्या, आणि खरवडू नका. स्की कोरड्या कपाटात, मध्यभागी पट्ट्याने न आवळता उभ्या ठेवा. ते मेण डिसेंबरमध्ये, निघायच्या आदल्या आठवड्यात प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून नायलॉनच्या ब्रशने घासायचं.

आपला,
एक वाचक
कोथरूड, पुणे ३८