लव्हच्या नावापुढे काय लिहिलंय बघ

प्रिय बंड्या,

काय बे, कसा आहेस. इकडे सगळं ठीक, बाबांचा गुडघा तसाच, माझी शुगर कंट्रोलमध्ये, चला झालं. फोनच करणार होतो पण फोनवर तू मला बोलू देतोस कुठे, म्हणून लिहितोय, आणि हे तुलाच लिहायचंय, बाकी कुणाला सांगितलं तर म्हणतील पोरगी टीममध्ये नाही आली तर त्यात एवढं काय.

चिऊ जिल्ह्याच्या बास्केटबॉल टीममधून राहिली. ट्रायल मॅचमध्ये ज्यांचे पॉइंट जास्त त्या आत, सरळ हिशोब. शीटवर हिच्या नावापुढे चार पॉइंट. मी पूर्ण मॅच लाइनजवळ उभा राहून बघितली रे. समोरच्या टीममधली ती उंच पोरगी, तिला हिने रिंगखाली येऊच दिलं नाही, दरवेळी ती यायच्या आधी ही जागेवर जाऊन उभी, पाय घट्ट रोवून, शेवटी ती बिचारी वैतागून बाहेरूनच बॉल फेकायला लागली. आता हे शीटवर लिहिणार कुठे, त्याला रकानाच नाही.

सिलेक्शन नाही झालं ते एकवेळ सोड, पुढच्या वर्षी होईल. माझा जीव टांगणीला लागलाय तो दुसऱ्याच गोष्टीने. तेव्हापासून ती पासच देत नाही. एक वही केलीय, ग्राउंडवरून आली की बूट काढायच्या आधी त्यात पॉइंट लिहिते. परवा बघायला गेलो तर तिची मैत्रीण रिंगखाली एकटी, हात वर करून ओरडतेय, आणि ही दोघींच्या मधून शॉट मारतेय, बॉल रिंगला लागून बाहेर. चिऊ रे! बॉल हातात यायच्या आधी जिला माहीत असायचं कोण मोकळं आहे ती चिऊ. तूच म्हणाला होतास ना, हिला डोक्याच्या मागे डोळे आहेत म्हणून.

मग त्या रात्री झोप येईना तर मी ती मॅच काढून बसलो. कुठली ते तुला सांगायला नको. 2016, एनबीए फायनलची सातवी, वॉरियर्स आणि क्लीव्हलँड, ओकलंड. आपल्याकडे सोमवारची पहाट, तुझ्या रूमवर, आणि तू त्या वर्षी वॉरियर्स 73 जिंकले 9 हरले, 73-9, 73-9 करून आमचं डोकं खाल्लेलं, ते 3-1 ने पुढे गेल्यावर तर तू सिरीज संपली असं जाहीरच करून टाकलंस. तर्री पोह्यांची पैज तू हरलास, ती उधारी अजून बाकी आहे, व्याज धरून आता अख्खी कढई होते.

तर बॉक्स स्कोअर उघडला, प्रत्येकाच्या आकड्यांचं शीट. 93-89, क्लीव्हलँड जिंकलं. त्या दिवशी सगळ्यात भारी लाइन कुणाची? हरलेल्या वॉरियर्सच्या ड्रेमंड ग्रीनची. 32 पॉइंट, 15 रिबाऊंड, 9 असिस्ट, थ्री 8 पैकी 6. एवढं करून माणूस हरला. क्लीव्हलँडचा लेब्रॉन 27-11-11, तिन्ही रकान्यांत दहाच्या वर म्हणजे ट्रिपल डबल, फायनलच्या सातव्या मॅचमध्ये तो त्याच्या आधी फक्त जेरी वेस्ट आणि जेम्स वर्दीचा, आणि वेस्ट तर 1969 ला 42 मारून हरलेला. हो, लेब्रॉनचं शूटिंग 24 पैकी 9, माहितीये, तू आत्ता वाचता वाचता हसला असशील. वॉरियर्सच्या करीचं 19 पैकी 6 होतं, थ्री 14 पैकी 4. बस, हा वाद इथे नको, रात्र जाईल.

आता क्लीव्हलँडचा केव्हिन लव्ह. 9 पॉइंट, शॉट 9 पैकी 3. तू टीव्हीवर उशी फेकून ओरडलेलास, ह्याला बसवा कुणीतरी. 14 रिबाऊंड घेतले ते तर दिसतातच, पण शेवटचा रकाना बघ. +19, दोन्ही टीममध्ये सगळ्यात जास्त. मॅच चारची, आणि हा आत होता तेवढ्या वेळात क्लीव्हलँड 19 ने पुढे, म्हणजे हा बाकावर असताना 15 ने मागे!

आणि शेवटचा मिनिट. 89-89 वर अडकलेली मॅच, क्लीव्हलँडच्या कायरीचा तो थ्री, 53 सेकंद बाकी. मग स्विच होऊन, म्हणजे डिफेंडरची अदलाबदल होऊन, करीसमोर कोण, तर लव्ह, ज्याला सगळे म्हणायचे ह्याचे पाय हलत नाहीत. करी डावीकडे, उजवीकडे, बॉल ग्रीनला दिला, परत घेतला, पुन्हा नाचवला, आणि हा माणूस खाली वाकून पाय सरकवत, हात वर ठेवून चिकटलेला, शेवटी करीने कसातरी मारला आणि गेला. वॉरियर्सना शेवटच्या 4 मिनिट 39 सेकंदात एक पॉइंट नाही. आता शीटवर हे कसं दिसतं? करीचा एक थ्री चुकला, एवढंच. लव्हच्या नावापुढे काही नाही. त्याआधीचा ब्लॉकही तसाच, वॉरियर्सच्या इगुडालाचा ले-अप, ब्लॉक लेब्रॉनच्या नावावर, बरोबरच आहे, पण क्लीव्हलँडचाच जे. आर. स्मिथ आधी आडवा गेला म्हणून इगुडालाला हवेत बॉल फिरवावा लागला आणि तेवढ्यात लेब्रॉन मागून पोचला. जे. आर.ला त्याचं काय मिळालं, काही नाही.

हे सगळं चिऊला बसवून दाखवलं, थांबवून थांबवून. तिने नीट बघितलं, आणि म्हणते कशी, बाबा, लव्ह टीममध्ये होता म्हणून त्याला हे करता आलं, मला तर घेतलंच नाही. मी गप्प. काय बोलणार सांग, खरंच बोलली ना ती.

म्हणून तुला लिहितोय. तुला युनिव्हर्सिटीच्या टीममधून काढलं तेव्हाही असाच हिशोब लावला होता, आणि तरी पुढच्या महिन्यात अमरावतीला तू एक बास्केट न करता आपल्याला जिंकवलंस. मधले दिवस तू कसे काढलेस ते मला कधी सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. ते तिला सांग. माझं ती ऐकते पण बाप म्हणून ऐकते, तुझं खेळाडू म्हणून ऐकेल. आणि तेव्हा राग किती आला होता तेही सांग, उगाच साधू बनू नको.

रविवारी सातनंतर कर, ग्राउंडवरून आलेली असते. मी पत्र लिहिलंय हे बोलू नको, सहज केला असं वाटू दे. वहिनींना नवीन नोकरी लागली ते कळलं, मस्त झालं, फ्लॅटची चावी मिळाली का तेही कळव, आणि पिंट्या यंदा दहावीला ना? आई विचारत होती.

तुझा,
राजा