पालक सभासदांसाठी स्मरणसूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, या महिन्याच्या शेवटच्या रविवारी गटाचा कोणताही कार्यक्रम ठेवलेला नाही. तो दिवस प्रत्येकाने आपल्या मुलांसोबत निवांतपणे घालवावा, ही विनंती. जन्मापासून 18 वर्षे पूर्ण होईपर्यंत रविवार येतात जेमतेम 940, आणि मूल 10 वर्षांचे होते तेव्हा त्यांतले निम्म्याहून अधिक सरलेले असतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास पडलेला पहिला दुधाचा दात तळहातावर घेऊन मूल धावत येते, तेव्हा आपली नजर बहुधा मोबाइलवर असते (प्रस्तुत चिटणीसही याला अपवाद नाहीत). बुटाची नाडी त्याला स्वतः बांधायची असेल, तर लागेल तेवढा वेळ लागू द्यावा. त्या दिवशी गटावर संदेश टाकू नयेत. तातडीचे काम असल्यास फोन करावा.