गुरुवारी साडेदहाला जायचंय, बाबा

आई, बाबा,

तीन दिवस झाले रोज फोन लावतोय आणि 'जेवला का, पाऊस आहे का तिकडं' एवढं बोलून ठेवतोय. खरं बोलायचं ते तोंडातनं निघेना म्हणून शेवटी टाइप करायला बसलो. (ऑफिसात दिवसभर 'येते, जाते' करत असतो, पण तुम्हाला लिहायला घेतलं की आपलं कोल्हापूरच्या पोरींचं 'येतो, जातो'च येतंय. राहू दे, पुण्याची भाषा पुण्यात.) आई, तू वाचून दाखव, बाबांचा चष्मा परत हरवलेला असणार. आणि मध्येच थांबून एकमेकांची तोंडं बघत बसू नका, शेवटपर्यंत वाचा.

पहिलं सांगून टाकतो. बाबांची गुरुवारी सकाळी साडेदहाची अपॉइंटमेंट घेतली आहे. राजारामपुरीत. डॉक्टर मनाचे आहेत, सायकियाट्रिस्ट. घेतली आहे म्हणजे घेतली आहे, घेऊ का असं विचारत नाहीये. दादाला सांगून झालंय, तो उद्यमनगरातनं सरळ घरी येईल, गाडी दारात लावील, तुम्हाला कुणाला काही सांगत बसावं लागणार नाही.

बाबा, रागावलात ना. रागवा, पण ऐका. गेल्या आठ महिन्यांत तीन ईसीजी झाले, टूडी इको झाली, ट्रेडमिल झाली, आणि प्रत्येक वेळी डॉक्टरांनी हृदय ठणठणीत आहे असंच सांगितलं. मग रात्री तीनला उठून गॅसचं बटण बघायला, कडी हलवून बघायला तुम्हाला कोण उठवतंय? रंकाळ्याला फिरायला जायचं का बंद केलंत? 'वाटेत काय झालं तर' हे वाक्य गेल्या दिवाळीत चार दिवसांत मी किती वेळा ऐकलं असेल. त्यावर आईचं ठरलेलं, 'अगं, स्वभावच आहे त्यांचा.' आई, या स्वभाव शब्दाबद्दलच मला लिहायचंय.

आता दुसरं सांगतो, आणि त्याआधी सांगतो की मी बरा आहे, अगदी बरा, जेवतोय, झोपतोय, तुमचे जावई सकाळी डबा करून देतात (त्यांच्या पोळ्या तुझ्यापेक्षा मऊ होतात, चिडू नकोस). तर, मी पण चार महिने गोळी घेतोय. जूनमध्ये ऑफिसात वरच्या लोकांसमोर बोलायचं होतं आणि त्याच्या आधी दहा मिनिटं माझे हात बधिर झाले, छाती आवळली, श्वास पुरेना, मला वाटलं झालं, संपलो. इमर्जन्सीत नेलं, सगळं नॉर्मल निघालं. पॅनिक अटॅक म्हणतात त्याला. तुम्हाला तेव्हाच सांगितलं नाही कारण सांगितलं असतं तर बाबा रात्रीची गाडी पकडून आले असते आणि वाटेत स्वतःच आजारी पडले असते. चुकलंच माझं, पण तेव्हा ते बरोबर वाटलं.

मग मनाच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, लहानपणी कशी होतीस? मी एकदम कॉलर ताठ करून सांगितलं, लई शहाणी. ते म्हणाले शहाणी म्हणजे नेमकं काय करायचीस? आणि मग सांगायला लागलो तर माझं मलाच कळायला लागलं. महाद्वार रोडला तुझा पदर हाताला गुंडाळून चालायचो. कुणाच्या वाढदिवसाला गेलो नाही. उत्तर येत असून वर्गात हात वर केला नाही. दर सोमवारी सकाळी पोटात दुखायचं आणि बरोब्बर दहा वाजता, रिक्षा गेली की थांबायचं. दुसरीत ते झालं बघ, बाईंना 'जाऊ का' विचारायचं धाडस झालं नाही आणि मग सगळ्यांसमोर... तू घरी आल्यावर काही न बोलता गरम पाण्यानं अंघोळ घातलीस आणि शिरा केलास. ते मी अजून विसरलो नाही, शिरा पण आणि बाकीचं पण. कुणी आलं की तुम्ही कौतुकानं सांगायचा, 'आमची पोरगी कधी त्रास देत नाही.' त्रास देत नव्हतो कारण घाबरलेलो असायचो. शहाणपण नव्हतं ते.

मग मी वाचत बसलो, रात्र रात्र. (झोप येत नव्हती, गोळीनं नंतर यायला लागली.) हार्वर्डमध्ये जेरोम केगन म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, ते अगदी चार महिन्यांच्या तान्ह्या पोरांपासून सुरू करायचे. पोरांसमोर रंगीत खेळणी हलवायची, नवे आवाज ऐकवायचे, वास द्यायचे आणि कोण काय करतंय ते बघायचं. साधारण पाचातलं एक पोर हातपाय झाडून रडायचं. ही पोरं मोठी होताना बरीचशी बुजरी, नव्या माणसाला, नव्या जागेला बिचकणारी झाली. म्हणजे बघ आई, चार महिन्यांत! तेव्हा कुणी मारलं नव्हतं की ओरडलं नव्हतं. यंत्र तसंच जुळून आलेलं असतं, मेंदूतली धोक्याची घंटा जरा हलकी, वारा आला तरी वाजणारी.

आणि न्यूझीलंडला ड्युनेडिन म्हणून गाव आहे, तिथं १९७२-७३ साली जन्मलेल्या १०३७ मुलांच्या मागं संशोधक अजून आहेत, सोडलेलंच नाही त्यांनी. तीन वर्षांची असताना त्या मुलांना बघून ठेवलं, कोण बुजरं, कोण धसमुसळं, कोण बिनधास्त. ती २१ वर्षांची झाल्यावर परत भेटले तर बुजऱ्यांमध्ये नैराश्य जास्त सापडलं आणि धसमुसळ्यांमध्ये मारामाऱ्या, कायद्याच्या भानगडी जास्त. पण फरक काही डोंगराएवढे नव्हते, बहुतेक पोरं आपापल्या वाटेनं नीट गेली. केगनच्या घाबरट पोरांचं पण तसंच, पुष्कळांना मोठेपणी काहीच झालं नाही. कल असतो, नशीब नसतं. हे वाक्य परत वाच, आई, कारण मला माहीत आहे तू आत्ता डोळे पुसायला लागली असशील.

दादाचंच घे ना. तुमची सगळी काळजी दादासाठी राखीव होती. शाळेतनं चिठ्ठ्या त्याच्या, फुटलेल्या काचा त्याच्या, बाबांच्या पट्ट्याचा मान पण त्याचाच. तो वाया जाणार असं आत्या लेखी द्यायला तयार होती. आणि आज अख्ख्या घरात शांत झोपणारा तो एकटाच आहे. धडपड करणाऱ्या पोराला लेथ मशीन मिळालं, आठ माणसं हाताखाली मिळाली, जमलं त्याचं. न्यूयॉर्कमध्ये १९५६ पासून स्टेला चेस आणि अलेक्झांडर थॉमस या डॉक्टर नवरा-बायकोनं असंच मुलांना वर्षानुवर्षं बघितलं आणि त्यांचं म्हणणं हेच, स्वभाव चांगला-वाईट नसतो, त्याला जागा कशी मिळाली ते बघायचं. त्यांनी काही मुलांना 'हळूहळू तापणारी' म्हटलंय. मला एकदम आपला तांब्याचा बंबच आठवला. तापायला वेळ, पण एकदा तापला की दुपारपर्यंत पाणी गरम.

आई, तू काही चुकलीस असं कुठंही लिहिलेलं नाही, मी शोधून बघितलं. एवढंच आहे की अशा पोराला दर वेळी 'नको म्हणतीय तर राहू दे' म्हटलं की भीती आत मुरत जाते आणि धरून ढकललं की अजून वाढते. मधलं काहीतरी लागतं, हात धरून एक एक पायरी. गॅदरिंगमधनं तू माझं नाव काढून आणलंस तेव्हा मला देवी पावल्यासारखं वाटलेलं. तेव्हा कोण सांगणार होतं तुला हे? उलट बाईंनी शेऱ्यात लिहिलेलं, 'वर्तन उत्तम'.

आता बाबा, तुमच्याबद्दल. आज्जी सांगायची ते आठवतंय का, आजोबांनी तुम्हाला तालमीत घातलं आणि तुम्ही चौकट दोन्ही हातांनी धरून उभे राहिलात, आत जाईनात. आजोबा गावभर सांगत फिरले, पोरगं भित्रं निघालं. कोल्हापुरात ते सांगणं म्हणजे काय ते मला कळतंय. पण त्याच भित्र्या पोरानं ३४ वर्षं झेडपीच्या हिशोबात एक रुपया इकडचा तिकडं होऊ दिला नाही, प्रत्येक बेरीज तीनदा करून. मला वाटतं नोकरी होती तोवर त्या काळजीला काम होतं, पगारी होती ती. रिटायर झालात आणि ती मोकळी फिरायला लागली, आता गॅसचं बटण तीनदा बघती. हे माझं आपलं म्हणणं, मी काही डॉक्टर नाही. नेमकं काय आहे ते गुरुवारी तेच सांगतील, आणि काहीच नाही म्हणाले तर मी सगळ्यांसमोर कान पकडीन.

एक आठवण सारखी येतीय. संध्याकाळी गंगावेशीत दूध प्यायला न्यायचा मला, म्हशीची धार काढून फेसाळता ग्लास. आपण दोघं गर्दीच्या मागं उभे राहायचो. मी म्हणायचो बाबा सांगा की, तुम्ही म्हणायचा थांब, बघतील ते. पंधरा पंधरा मिनिटं! सगळ्यांचं पिऊन व्हायचं, मग तो माणूस आपणहून विचारायचा. मला वाटायचं बाबा किती सभ्य आहेत. आता वाटतं, दोन बंब शेजारी शेजारी उभे होते.

तर आता नीट ऐका. गुरुवारी खाऊन जायचं, उपाशी नाही. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, बीपीची तर नक्कीच, आणि ते कुणीतरी दिलेलं चूर्ण पण, लपवू नका. या वयात मनाची गोळी सुरू केली तर कधी कधी रक्तातलं सोडियम कमी होतं, बीपीच्या काही गोळ्या सोबत असल्या तर जास्तच, म्हणून त्यांना सगळं माहीत पाहिजे. थायरॉइड तपासायला सांगतील, करून घ्या. गोळी दिली तर दोन दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून सोडायची नाही, तिला काही आठवडे लागतात, सुरुवातीला जरा मळमळतं, मला पण झालं, गेलं. आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद तर अजिबात करायची नाही. नुसत्या बोलण्यानं पण उपचार होतो, मी गोळीसोबत दर मंगळवारी तोच करतोय, कदाचित तुम्हाला तेवढंच पुरेल. चहा सहावरनं तीनवर आणा, ही आजपासूनची ऑर्डर.

कुणाला कळेल याची भीती असेल तर, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा हक्क लिहून दिलाय. गल्लीत फुटली तर ती आपल्याच घरातनं फुटेल, आई, तुझ्याकडं बघून म्हणतोय. आणि रात्री तीनला फारच घाबरल्यासारखं झालं तर १४४१६ लावा, टेली-मानस, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. आधी मला लावला तरी चालेल, मी उचलीन. पण छातीत खरंच दुखायला लागलं, घाम फुटला तर मनाचं समजून घरी बसायचं नाही, दादाला उठवायचं आणि सरळ दवाखाना.

तुमच्या नातीचं, चिमीचं एक राहिलं. ती मे महिन्यात आली की तिला 'लाजाळू' म्हणू नका, आणि 'किती शहाणी, बसवलं तिथं बसती' असं पण नको. पडद्यामागं उभी राहिली तर राहू दे दहा मिनिटं. सध्या आम्ही तिला दुकानातनं बिस्किटाचा पुडा आणायला शिकवतोय, मी दोन पावलं मागं उभा राहतो. पहिल्या वेळी परत आली रडत, चौथ्या वेळी सुटे पैसे घेऊन आली. बाबा, तुम्ही न्या तिला कोपऱ्यावरच्या दुकानात. बोलू दे तिलाच.

मी शनिवारी दुपारपर्यंत येतो, दोन दिवसांची सुट्टी टाकलीय. काही खास करू नकोस, आई. केलंस तर पांढरा रस्सा कर. बाबांनी डॉक्टरांना काय सांगितलं ते मी विचारणार नाही, त्यांना वाटलं तर सांगतील. संध्याकाळी गंगावेशीत जाऊ आपण दोघं.

तुमची,
बाळी

ता. क. जुने रिपोर्ट कपाटात वरच्या कप्प्यात निळ्या फाइलीत आहेत, लग्नाच्या अल्बमखाली. आणि बाबा, गुरुवारी निघताना गॅस एकदाच बघा. दुसऱ्यांदा दादा बघेल.