प्रोजेक्टर घेतोयस तर आधी हे वाच

डिचोली,
रविवार दुपार, पाऊस परत सुरू

अरे मित्रा,

बरें मू, बरा आहेस ना? परवा फोनवर तू म्हणालास "एक मॉडेल सांग, भाषण नको" आणि मी हो हो करून फोन ठेवला. पण मग डोक्यात आलं की तुझं फ्लॅटचं काम अजून चालू आहे, भिंती उघड्या आहेत, वायरमन घरात आहे, म्हणजे मी ज्या ज्या ठिकाणी आपटलो तिथे तू अजून आपटलेला नाहीस. तेव्हा भाषण होणारच. चहा घेऊन बस.

माझं पहिलं मशीन तू बघितलेलं नाहीस, बरंच झालं. चवथीला, म्हणजे गणपतीत, सगळं कुटुंब जमतं, पोरांना काहीतरी मोठ्ठं दाखवू म्हणून ऑनलाइन साडेआठ हजारांचा एक मागवला, खोक्यावर ठळक "९००० ल्युमेन्स", म्हणजे उजेडाचं माप. आरती आटपून संध्याकाळी सहाला लावला तर भिंतीवर फक्त कुणीतरी हलतंय एवढं कळत होतं. काका म्हणाले, "ब्लॅक अँड व्हाइट आहे का?" नंतर वाचलं तेव्हा कळलं की असल्या खोक्यावरचा आकडा म्हणजे बल्बच्या उजेडाचा कसलातरी हिशेब असतो, भिंतीवर पडणाऱ्या उजेडाचा नाही. आपल्याला बघायचा असतो तो अ‍ॅन्सी ल्युमेन्स किंवा आयएसओ ल्युमेन्स, ज्यात पडद्याचे ९ भाग करून प्रत्येकात किती उजेड पडला ते मोजून सरासरी काढतात. तो आकडा जो देत नाही त्याला हात लावू नको, एवढं जरी ऐकलंस तरी माझे साडेआठ हजार वसूल.

आता उजेड किती लागतो, हा हिशेब तू स्वतः करू शकतोस, आपण अकरावीला फिजिक्समध्ये काय दिवे लावले ते दोघांनाही माहीत आहे पण हे सोपं आहे. १०० इंची पडदा (इंच कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात) म्हणजे रुंदी २.२१ मीटर, उंची सव्वा मीटर, क्षेत्रफळ साधारण ३० चौरस फूट. सिनेमा थिएटरात पडद्यावर दर चौरस फुटाला १४ ते १६ ल्युमेन्सच्या हिशेबाने उजेड धरतात, म्हणजे जास्तीत जास्त धरला तरी साध्या पांढऱ्या पडद्यावर ३० गुणिले १६, पाचशेसुद्धा झाले नाहीत! मी दोनदा कॅल्क्युलेटर मारला. अर्थात सिनेमा बघायच्या मोडमध्ये रंग नीट यावेत म्हणून उजेड बराच कमी होतो, दिवाही वर्षागणिक मंदावतो, म्हणून दुप्पट-तिप्पट धरायचं, हजार-दीड हजार. पण हे सगळं खोली पूर्ण काळोखी असेल तर. हॉलमध्ये ट्यूब चालू ठेवून मॅच बघायची असेल तर तीन हजारसुद्धा फिकेच वाटतात, कारण प्रोजेक्टर काळा रंग फेकूच शकत नाही ना, काळं म्हणजे नुसता उजेड न टाकलेला पडदा. ट्यूबखाली पडदा जेवढा पांढरा दिसतो तेवढंच तुझं काळं. इफ्फीला, पणजीच्या फिल्म फेस्टिव्हलला, आपण आयनॉक्सला जायचो तेव्हा, किंवा त्याआधी कॉलेज बुडवून सम्राट-अशोक थिएटरांत, तिथे मशीन मोठं असतंच, पण त्यापेक्षा तिथे अंधार असतो, आणि आपण घरी पैसे टाकतो मशीनवर आणि खिडकीला लावतो जुनी साडी.

मी तेच केलं. दुसरं मशीन चांगलं घेतलं, एप्रिलमध्ये, आणि दुपारी चारला लावलं तर पडद्याच्या बरोब्बर मधे हातभर उजेडाचा चौकोन. खिडक्या बंद, दार बंद, हा आला कुठून? वर बघितलं तर काचेचं कौल! आजोबांनी उजेडासाठी बसवलेलं, चाळीस वर्षं तिथेच आहे, मी त्याच खोलीत झोपून वाढलो आणि कधी लक्षात आलं नव्हतं. तो चौकोन मग पडद्यावरून सरकत सरकत साडेपाचला कोपऱ्यात गेला, आम्ही सगळे पिक्चर सोडून तोच बघत बसलो. शेवटी आतून प्लायचा तुकडा बसवला. मग बारीक बारीक फटी, कौलांच्या मधून, दाराखालून. हिने पडदे शिवून आणले, जाड, दोन थरांचे, निळसर हिरवे, आणि ते दोन्ही बाजूच्या भिंतींवरून पण ओढून घेता येतात असे रेलिंगवर लावले, कारण पांढऱ्या भिंती पडद्याचाच उजेड परत पडद्यावर फेकतात. मी काळा रंग देऊया म्हणत होतो, ती म्हणाली "घर आहे का स्मशान?" पण पडद्यांनी जो फरक पडला ना, सात हजारांत, तेवढा मशीन बदलूनही पडला नसता असं माझं मत.

आता मशीन. दोन जाती मुख्य. डीएलपी म्हणजे चिपवर लाखो सूक्ष्म आरसे, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेकने १९८७ मध्ये काढलेली युक्ती, आणि घरगुती मशीनमध्ये चिप एकच असते म्हणून लाल, हिरवा, निळा एकामागून एक भराभर फेकतात, डोळा ते जोडून घेतो. सगळ्यांचा घेत नाही पण! दुकानात मी काळ्या पडद्यावर पांढरी सबटायटल लावली, मला काही नाही, आणि ही म्हणाली, "अक्षरांना इंद्रधनुष्य का येतंय?" नजर झटकन इकडून तिकडे नेली की तिला दिसतं. दुकानदार म्हणाला वहिनी सवय होईल. कशाला सवय करायची? म्हणून आम्ही थ्रीएलसीडी घेतला, त्यात तिन्ही रंग एकदम पडतात. तू पण वहिनींना घेऊन जा आणि सबटायटलवालाच सीन लाव, हिरॉईनच्या साड्या बघत बसू नका. थ्रीएलसीडीचं दुखणं एकच, धूळ. आमच्याकडची तांबडी माती तुला माहीतच आहे, महिन्याला फिल्टर काढला की गेरू लावल्यासारखा असतो. तो साफ नाही केला तर धूळ आत पॅनेलपर्यंत जाऊन चित्रात धुरकट ठिपके येतात.

फोर-के च्या नादाला लागू नको, किंवा लाग पण शब्द नीट वाच. "फोर-के सपोर्ट" म्हणजे फोर-के चा (साधारण ३८४० बाय २१६० ठिपक्यांचा) सिग्नल आत घेतो आणि कमी ठिपक्यांत बसवून दाखवतो. "नेटिव्ह", म्हणजे मशीनचे स्वतःचे खरे ठिपके, किती आहेत ते बघ. माझा नेटिव्ह १९२० बाय १०८०, तीन मीटरवर सोफा, तक्रार शून्य. दिवा नॉर्मल मोडला साडेचार हजार तास सांगितलाय, रोज दोन तास म्हटलं तरी सहा वर्षं. लेझरवाले २० हजार तास म्हणतात, भानगड कमी, महाग. तुझ्याकडे पैसे आहेत, तू बघ.

पण ह्या सगळ्याआधी टेप घेऊन माप काढ. थ्रो रेशो म्हणून एक आकडा असतो, पडद्यापासून मशीनचं अंतर भागिले चित्राची रुंदी. माझं झालं असं की आधी मी मशीन सुताराकडून वाशाला टांगून घेतलं, पडद्यापासून तीन मीटरवर. स्लॅब नाही ना आमच्याकडे, वासे आणि मंगलोरी कौलं. मे पर्यंत मस्त. जूनचा पहिला पाऊस लागला, लाकूड फुगलं का वासा वाकला देव जाणे, चित्र एका बाजूने बोटभर खाली, आणि मशीनपासून वीतभर अंतरावर टप टप टप गळती. रात्री अडीचला स्टुलावर चढून छत्री धरून मशीन सोडवलंय मी! शिरां पडो त्या वाशाच्या. मग मागच्या भिंतीला फळी मारायचं ठरवलं तर चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीत ड्रिल घातलं की नुसता लाल भुगा, प्लग हाताने बाहेर येतो. गवंड्याने शेवटी भोक मोठं करून सिमेंटमध्ये लाकडी ठोकळे बसवले, त्यावर फळी. तिथून पडदा ३.८ मीटर, म्हणजे रेशो १.७. माझ्या मशीनचा रेशो झूमने १.३ पासून २.१ पर्यंत जातो म्हणून वाचलो, दुकानात आधी जे डीएलपी आवडलं होतं ते दीडच्या पुढे जात नव्हतं, तिथून त्याचं चित्र भिंतीबाहेर कपाटावर गेलं असतं. तुझी खोली १२ फूट म्हणालास ना, साडेतीन मीटर धर, त्यातून मशीनची लांबी आणि मागे हवेसाठी वीतभर जागा वजा कर, आणि मग दुकानात जा.

आणि लेन्स शिफ्ट असलेला मिळाला तर तोच घे. त्यात आतली लेन्स वर-खाली सरकते आणि चित्र चौकोनीच राहतं. कीस्टोन वेगळं, ते तिरकं चित्र सॉफ्टवेअरने कापून चौकोनी करतं, कडेचे पिक्सेल वाया जातात आणि अक्षरं दातेरी होतात. दुकानात "ऑटो कीस्टोन, कुठूनही लावा साहेब" म्हणून दाखवतील. मान डोलाव आणि समोर सरळ लाव.

भिंतीतल्या पाइपाचं हे उद्याच वायरमनला सांग. पडद्यापासून मशीनपर्यंत दोन इंची पाइप टाकायला लाव, एक इंची नको, एचडीएमआयचं डोकं वळणात अडकतं. आत सुतळी सोडून ठेव, पुढे कधी केबल बदलायची तर ओढता येते. लांब केबल लागणार, दहा मीटरच्या आसपास गेलं की साध्या तांब्याच्या केबलवर फोर-के मधेच काळं पडतं, ऑप्टिकल (काचेच्या तंतूची) घ्यावी लागते, आणि तिला दिशा असते! एका टोकाला सोर्स, दुसऱ्याला डिस्प्ले लिहिलेलं. मी उलटी ओढली. सगळं जोडून बसलो, नो सिग्नल. मशीन बिघडलं म्हणून दुकानदाराला फोनवर नको नको ते बोललो, मग पोराने टोकावरचं बारीक अक्षर वाचून दाखवलं. दुकानदाराला दुसऱ्या दिवशी सॉरी म्हणालो, तो हसला, म्हणजे मी पहिला नव्हतो.

आवाज मशीनचा वापरू नको, ते डोक्यामागे असतं, हिरो समोर बोलतो आणि आवाज मानेवर येतो. ब्लूटूथ स्पीकर लावलास तर ओठ आधी, शब्द मग. मी पिक्चर लावायची इंटरनेटवाली स्टिक साउंडबारमध्ये घातली आणि साउंडबारमधून केबल प्रोजेक्टरला नेली. आणि स्टिकला तिचाच अ‍ॅडॅप्टर दे, मशीनच्या यूएसबीवर चालवली की मधेच बंद पडते.

लाइटचं तुम्हाला पुण्यात काय माहीत, इथे पावसात दिवसातून तीनदा जाते. दिव्याचं मशीन गरम असताना लाइट गेली की पंखा पण थांबतो, आणि लाइट आली तरी तापलेला दिवा थंड होईपर्यंत लागत नाही, सगळे अंधारात बसून मला शिव्या देतात. म्हणून १००० व्हीए चा यूपीएस घेतला. पावसाळ्यात दिवसाआड अर्धा तास तरी मशीन चालवतो, आतला दमटपणा जातो, लेन्सला बुरशी धरत नाही. न चालवता झाकून ठेवलं की पालीला घर मिळतं, हे पण अनुभवाने सांगतोय, तपशील जेवताना विचारू नको.

पडदा नंतर घे. आठवडाभर भिंतीवर बघ, कागदी टेपने चौकट आखून, किती मोठं डोळ्यांना झेपतं ते कळतं. आमची भिंत जुन्या गिलाव्याची, समुद्राच्या लाटा, म्हणून साधा ओढायचा मॅट पडदा आणला. भिंतीला चिकटून ठेवायची अल्ट्रा शॉर्ट थ्रो मशीनं आलीत ती तुझ्या डोक्यात असतील तर लक्षात ठेव, त्यांचा उजेड खालून इतका तिरका येतो की पडद्यावरची बारीकशी सुरकुती पण डोंगर दिसते, त्यांना ताठ फ्रेमचाच पडदा लागतो, त्याचा खर्च वेगळा.

ह्या चवथीला मात्र मजा आली. बाबांच्या जत्रेतल्या नाटकाची व्हीएचएस होती ना, १९९६ ची, ज्यात ते सरदार झालेत, ती पणजीहून डिजिटल करून आणली. आतापर्यंत तो सीन आम्ही २१ इंची टीव्हीवर शंभर वेळा बघितलाय. १०० इंचावर चित्र अगदी भरड, पिठासारखं, बाजूला काळे पट्टे (ताणून भरायचं नाही, सगळे बुटके दिसतात), म्हणून आम्ही सगळे मागे सरकून बसलो. आणि बाबा तलवार उपसून मोठ्ठं वाक्य टाकतात तिथे कॅमेरा जवळ जातो, तर डाव्या बाजूची मिशी सुटलेली! प्रत्येक "खामोश" ला फडफडते. आई किंचाळली, "पळय पळय (बघ बघ), मिशी सुटल्या!" सत्तावीस जणांचं कुटुंब लोळून हसतंय आणि बाबा उठून म्हणतात, ती हवा होती, मंडपात पंखा होता. तेव्हापासून येईल त्या पाहुण्याला तो सीन दाखवला जातो आणि बाबा त्या वेळी न चुकता गुरांकडे जातात.

आता तू खोलीची लांबी, रुंदी, खिडक्या कुठल्या दिशेला आणि संध्याकाळी पाचला लाइट बंद करून काढलेला एक फोटो पाठव, मग मॉडेलचं बोलू. डिसेंबरात जत्रेला येतोयस ना? तो ९००० ल्युमेन्सवाला मधल्या खोलीच्या माळ्यावर आहे, येशील तेव्हा घेऊन जा, भिंतीवर हाताचे हरीण-कुत्रे करायला पोरांना बरा आहे.

तुझाच,
डिचोलीकर