फ्रान्सच्या खेड्यात दुपारी पाव मिळत नाही

संपादक महोदय,

पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या चार वर्षांतून एकदा होणाऱ्या १,२०० किलोमीटरच्या सायकल सफरीवरचे आपल्या पुरवणीतले लेख वाचून वाटते, फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत वळणावळणावर कोणीतरी कॉफी घेऊन उभेच असते. सफरीच्या दिवसांत ते खरेही आहे. लोक घरासमोर टेबल मांडून मध्यरात्रीसुद्धा पाणी आणि क्रेप (पातळ धिरडी) देतात. पण २०२७ च्या सफरीआधी त्या भागात एकट्याने २०० किलोमीटरचा सराव करू पाहणाऱ्यांनी या चित्रावर विसंबू नये.

२०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सफरीला, साडेतेरा तास मिळतात. ताशी २० च्या वेगाने दहा तास पेडलवर गेले, की उरतात साडेतीन. ते चढांपेक्षा बंद दारांपुढे जास्त खर्च होतात. लहान गावातली दुकाने साधारण साडेबारा ते दोन-अडीच बंद. हॉटेलचे जेवण बारा ते दोन; सव्वादोनला पोहोचलात तर स्वयंपाकघर आवरलेले असते. रविवारी दुपारनंतर जवळपास शुकशुकाट आणि सोमवारी अनेक बेकऱ्यांची सुट्टी. म्हणून सकाळी बेकरी दिसली की भूक नसली तरी दुपारचा पाव घेऊन ठेवावा. आठवडी सुट्टीचा वार दारावर लिहिलेला असतो.

पाण्याचे त्याहून सोपे. ७५० मिलीच्या दोन बाटल्या उन्हाळ्यात दोन-अडीच तासांत संपतात, आणि चालू सार्वजनिक नळ प्रत्येक गावात असतोच असे नाही. तिथले सायकलवाले सरळ दफनभूमीत शिरतात. फुलझाडांसाठी तिथे बहुधा नळ असतो. ‘नॉं पोताब्ल’ (पिण्यायोग्य नाही) अशी पाटी असेल तर मात्र ते पाणी फक्त डोक्यावर ओतायचे.

रस्ते ‘डी’ क्रमांकाचे, म्हणजे जिल्हा पातळीवरचे, निवडावेत. ब्रिटनी या वायव्य फ्रान्समधल्या प्रांतातला एन १२ हा राष्ट्रीय महामार्ग नकाशावर मोहक सरळ दिसतो, पण तो बहुतांश चौपदरी द्रुतमार्ग आहे आणि तशा रस्त्यावर सायकलला बंदी असते. उन्हाळ्यात डांबरावर बारीक खडी टाकून रस्ते दुरुस्त करतात. ‘ग्राव्हियों’ची (खडीची) पाटी दिसताच वेग कमी करावा; वळणावर ब्रेक दाबला की पुढचे चाक घसरते. २८ ते ३२ मिलिमीटरचे टायर इथे उपयोगी पडतात.

फ्रान्समध्ये वाहने उजवीकडून चालतात; डावीकडून चालायची सवय असलेल्यांची चूक गर्दीत होत नाही. ती होते थांबून पुन्हा निघताना, रिकाम्या रस्त्यावर. शिवाय गावात पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, मग ती गल्ली कितीही किरकोळ असो. अंधारात किंवा धुक्यात गावाबाहेर चमकणारे जाकीट कायद्याने सक्तीचे आहे. नसल्यास दंड ३५ युरो.

आपल्या पुरवणीत पुढच्या वेळी चढउतारांच्या आलेखाशेजारी दुकानांच्या वेळांची चौकट छापावी, ही विनंती.

– एक सायकलपटू वाचक