१.७ ही छपाईची चूक नव्हे

महोदय,

मी टूलरूममध्ये टर्नर आहे. माझ्या मुलीच्या रसायनशास्त्राच्या गाइडमध्ये टायटॅनियम हायड्राइडचं सूत्र TiH₁.₇ असं छापलंय, म्हणजे टायटॅनियमच्या एका अणूमागे हायड्रोजनचे १.७ अणू, पण सोबतच्या शुद्धिपत्रात त्यातला १.७ काढून २ करायला सांगितलंय. तिनं विचारलं, "बाबा, हायड्रोजनचे अणू पावणेदोनच्या आसपास कसे असतील? चूकच असणार." चूक नव्हती. चूक शुद्धिपत्राची आहे.

दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे बेअरिंगच्या गोळ्यांचा डबा ठेवला. कितीही हलवा, कितीही दाबून बसवा, मधे फटी राहतातच. सगळ्यात घट्ट रचनेतही २६ टक्के जागा रिकामी असते. धातूचे अणू असेच रचलेले असतात. हायड्रोजन, बोरॉन, कार्बन, नायट्रोजन यांचे अणू इतके लहान, की ते या फटींत जाऊन बसतात. संक्रमण धातूंची (टायटॅनियम, पॅलेडियम यांसारख्या धातूंची) इंटरस्टिशियल, म्हणजे फटींतली, संयुगं म्हणतात ती हीच. या हायड्राइडमध्ये टायटॅनियमच्या दर १०० अणूंमागे हायड्रोजनला बसायला २०० फटी असतात. त्यातल्या १७० भरल्या की झालं १.७. अणू कुठेच तुटलेला नाही, काही जागा रिकाम्या आहेत एवढंच.

पॅलेडियम तर स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन पोटात घेतं आणि तापवलं की सोडून देतं. थॉमस ग्रॅहम यांनी हे १८६६ मध्येच दाखवलं होतं. भरणं असं कमीजास्त होत असेल, तर सूत्रात पूर्णांकाचा हट्ट कशाला?

गाइडमध्ये या संयुगांचे गुणधर्म नुसते पाठ करायला दिलेत: कठीण, सहज न वितळणारी, वीज वाहून नेणारी. मी ते रोज हाताळतो. ड्रिलवरचा सोनेरी थर सोन्याचा नसतो, टायटॅनियम नायट्राइडचा असतो, जेमतेम काही मायक्रॉन जाडीचा. ग्राइंडरवर धार लावली की टोकाचा सोनेरी रंग जातो, फ्लूटमधला, म्हणजे ड्रिलच्या पिळदार खाचेतला, राहतो. नुसतं टायटॅनियम १६६८ अंश सेल्सिअसला वितळतं. फटींत कार्बन बसून त्याचं कार्बाइड झालं की ३००० अंशांपलीकडेही टिकतं. कार्बनचे धातूशी बंध इतके पक्के, की अणूंचे थर एकमेकांवरून सहज घसरत नाहीत. लेथवर कार्बाइडची टिप पोलाद सोलते ती याच गुणावर.

गाइड काढणाऱ्यांनी ते शुद्धिपत्र मागे घ्यावं. मुलीनं आपल्या प्रतीत पेन्सिलीनं १.७ परत लिहिलाय. तिच्या वर्गातल्या बाकीच्या प्रतींत अजून २ च आहे.

— एक टर्नर